कुंडीतली तुळस टवटवीत, पण वास नाही: औषधी वनस्पतीचा गुण कशावर ठरतो?

प्रश्न असा आहे: घरी कुंड्यांत तुळस, पुदिना आणि अश्वगंधा लावली आहे. जागा सावलीची, पाणी रोज, दर पंधरवड्याला खत. झाडं तजेलदार आहेत, तुळशीची पानं तर नेहमीपेक्षा मोठी आहेत. पण चुरगळून हुंगलं तर वास बेताचाच. मग खरा गुण रानात उगवलेल्या वनस्पतीतच असतो का? आणि खत बदलून तो घरच्या झाडात आणता येतो का?

तुळशीपुरतं आधी सांगतो. खत थांबवा, माती बोटभर खोल कोरडी झाल्यावरच पाणी द्या आणि कुंडी उन्हात सरकवा. महिनाभरात नव्या फुटीला वास येईल. जुन्या पानांना येणार नाही, त्याचं कारण पुढे देतो. मात्र हाच नियम पुदिन्याला आणि अश्वगंधेला जसाच्या तसा लावू नका. औषधी वनस्पती लावणं, कापणं, वाळवणं आणि मग प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट बघत बसणं, यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. ‘अमुक केलं की गुण वाढतो’ असं कुणी सरसकट म्हणालं की मी आधी विचारतो: कुठल्या झाडाचा, कुठल्या भागातला, कुठला घटक? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

झाड आपल्यासाठी औषध बनवत नाही. पान किडीने खाऊ नये, कडक उन्हाने करपू नये, जखमेतून बुरशी आत शिरू नये, यासाठी त्याचा खटाटोप चाललेला असतो, आणि त्यातली काही द्रव्यं आपल्या उपयोगी पडतात. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण अगरूचं. त्या झाडाचं निरोगी खोड फिकट, हलकं आणि जवळजवळ बिनवासाचं असतं. खोडाला इजा होऊन बुरशी शिरली की झाड त्या जागी गडद राळ साठवायला लागतं. अगरू म्हणतात ती हीच. तंबाखूचा शेंडा खुडतात तेव्हाही असंच होतं: जखमेचा निरोप मुळांपर्यंत जातो, निकोटीन मुळांत तयार होतं आणि पानांत चढतं.

यावरून लोक ‘झाडाला जितका त्रास, तितका गुण जास्त’ असा सोपा नियम बसवतात. तो चुकीचा आहे. मी स्वतः त्याच्या नादी लागून दोन हंगाम वाया घालवले आहेत.

तुमच्या तुळशीचं काय झालं ते डोळ्यांनी बघता येईल. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, पान उलटं धरा आणि उजेडाकडे किंचित तिरकं करा. शिरांच्या मधल्या भागात बारीक चकचकीत ठिपके दिसतील, पिवळसर झाक असलेले, दवाच्या थेंबासारखे टपोरे. या तेलग्रंथी. बोटाने पान चोळलं की त्यांची पातळ साल फुटते आणि वास सुटतो. उन्हातल्या झाडाचं लहान, जाडसर पान आणि सावलीतल्या झाडाचं मोठं, मऊ पान शेजारी ठेवून पाहिलं तर एकात ठिपके दाटीने दिसतात आणि दुसऱ्यात विरळ. सावलीतलं पान पसरलं, पण त्या प्रमाणात ग्रंथी वाढल्या नाहीत आणि ज्या आहेत त्याही पुरत्या भरल्या नाहीत. पुदिन्याच्या एका प्रकारावर, पेपरमिंटवर, हे फार बारकाईने तपासलं गेलं आहे. त्यात पान साधारण १२ ते २० दिवसांचं असताना तेल बनवण्याचं काम जोरात चालतं आणि नंतर जवळपास थांबतं. म्हणून जुनी पानं आता उन्हात नेऊन फारसा उपयोग नाही. त्यांची वेळ टळून गेली.

उन्हात पान साखर बनवतं. नत्र आणि पाणी हात सैल सोडून दिलं की ती साखर नव्या पेशी उभारण्यात, म्हणजे वाढीत खर्च होते. नत्र किंवा पाणी जरा कमी पडलं की वाढ लगेच मंदावते, पण साखर बनणं तेवढ्या लवकर थांबत नाही. मधल्या काळात शिल्लक उरलेला कार्बन तेलं, टॅनिनं, फ्लेव्होनॉइडं यांच्याकडे वळतो. ब्रायंट, चॅपिन आणि क्लाइन या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये हा हिशोब मांडला. त्याला पुढे बरेच अपवाद निघाले, पण बांधावर उभं राहून ‘आता नत्राचा हप्ता द्यायचा की नाही’ हे ठरवताना मला तो अजूनही कामाला येतो.

या हिशोबातली मेख अशी की तो कार्बनवर उभ्या असलेल्या द्रव्यांना लागू पडतो. धोत्रा, बेलाडोना, तंबाखू यांच्यातली मुख्य द्रव्यं अल्कलॉइडं आहेत आणि त्यांच्या रेणूतच नत्र असतं. तिथे नत्राची उपासमार केली तर झाडाकडे ती बनवायला कच्चा मालच राहत नाही. मर्यादेत दिलेलं नत्र त्यांच्यात अल्कलॉइड वाढवतं. म्हणजे एकच खत एका वाफ्यात गुण पातळ करतं आणि शेजारच्या वाफ्यात वाढवतं. ‘औषधी वनस्पतींसाठी खास’ असं लिहिलेल्या खताच्या पिशवीकडे मी संशयाने बघतो ते यामुळेच. सेंद्रिय खताचंही तेच. नत्र शेणखतातून आलं की युरियातून, हे झाडाच्या रसायनशास्त्राला फारसं कळत नाही. शेणखतातून ते हळूहळू मिळतं, त्यामुळे एकदम उधाण येत नाही, एवढा फायदा नक्की आहे.

आता पाण्याचा ताण. मसाल्याचा सेज, तुळस, थाइम अशा वासाच्या झाडांत ताण दिल्यावर तेलाचं प्रमाण वाढल्याचं अनेकदा दिसतं. माझे वाया गेलेले दोन हंगाम याच पायी. एकाच बियाण्याच्या तुळशीचे दोन तुकडे होते, एक पाटाच्या कडेला, दुसरा मुरमाड उतारावर. मुरमाडावरच्या तुळशीचा वास इतका सरस होता की पुढच्या वर्षी मी सगळ्याच तुळशीचं पाणी तोडलं. उतारा, म्हणजे पाल्यातल्या तेलाचा टक्का, वाढला खरा, पण तेलाचा डबा आधीपेक्षा लवकर भरला नाही. उलट कमीच भरला. गणित सोपं होतं, मीच ते केलं नव्हतं. समजा पाणी दिलेल्या तुकड्यात १०० किलो पाला निघाला आणि उतारा ०.५ टक्के पडला, तर तेल ५०० ग्रॅम. ताण दिलेल्यात उतारा ०.७ टक्के, पण पाला ६० किलोच, तर तेल ४२० ग्रॅम. टक्का वाढला, तेल घटलं. दुसऱ्या हंगामात मी ताण आणखी लवकर सुरू केला, तर खालची पानं गळून गेली आणि हाती काड्या उरल्या. त्यानंतर मी ताण देतो तो फक्त कापणीच्या आधी आठ-दहा दिवस, झाडाने पूर्ण पाला धरल्यावर.

म्हणून कुणी ‘या पद्धतीने घटक इतक्या टक्क्यांनी वाढला’ म्हणालं, तर तो आकडा वाळलेल्या पानातल्या प्रमाणाचा आहे, एका झाडाचा आहे की एकराचा, हे विचारून घ्या. घरी दहा पानं वापरणाऱ्याला पानातलं प्रमाण महत्त्वाचं, तेल काढणाऱ्याला एकूण वजन. दोघांचे सल्ले वेगळे असणारच.

पुदिन्यात आणखी एक गुंता आहे. तिथे तेल किती यापेक्षा तेलात काय, हा प्रश्न मोठा. कोवळ्या पानात मेंथोन जास्त असतं आणि पान पिकत जाईल तसं त्याचं मेंथॉल होत जातं. दिवस लहान असले तर मेंथोफ्युरान नावाचं नको असलेलं द्रव्य वाढतं आणि वास उग्र होतो. म्हणजे पुदिन्याला मोठा दिवस आणि भरपूर उजेड हवा, पण तुळशीसारखा कोरडा ठेवलात तर तो रुसेल. त्याची माती ओलसर राहू द्या. फक्त नत्र आवरा आणि फुलं दिसू लागताच कापा.

इतकं ऊन, पाणी, खत झालं, तरी माझ्या अनुभवात या सगळ्यांपेक्षा जड पारडं वाणाचं असतं. सिंकोनाच्या सालीचा इतिहास बघा. मलेरियावरच्या क्विनीनसाठी ब्रिटिशांनी निलगिरीत लाल सालीच्या जातीचे मळे उभे केले. तिथल्या मळ्यांचा प्रमुख मॅकआयव्हर याने एक युक्ती काढली: सालीच्या पट्ट्या सोलायच्या आणि उघडं खोड ओल्या शेवाळाने झाकायचं. शेवाळाखाली नव्याने धरलेल्या सालीत क्विनीन जास्त निघत असे. म्हणजे परिस्थिती बदलून गुण वाढवण्याचं हे एकोणिसाव्या शतकातलं छान उदाहरण. पण १८६५ मध्ये चार्ल्स लेजर या व्यापाऱ्याकडे बोलिव्हियातून एक बियाणं आलं. ते मॅन्युएल इन्क्रा ममानी या जाणकाराने गोळा केलं होतं. ब्रिटिश सरकारने ते नाकारलं, डच सरकारने थोडं विकत घेऊन जावा बेटावर लावलं. त्या झाडांच्या सालीत क्विनीन दहा टक्क्यांच्याही वर गेलं आणि पुढे क्विनीनचा जगाचा व्यापार जावाने खिशात घातला. शेवाळाची सगळी मेहनत एका मूठभर बियाण्यापुढे फिकी पडली.

फ्रान्सच्या दक्षिणेत थाइमचंही असंच आहे. एकाच जातीची झुडपं, दिसायला सारखी, पण तेलावरून सहा प्रकारची: कुणात थायमॉल, कुणात कार्व्हाक्रॉल, कुणात लिनालूल, जिरॅनिऑल वगैरे. हे प्रकार आनुवंशिक आहेत. सां मार्तां द लाँद्र या गावाच्या खोलगट खोऱ्यात हिवाळ्यात थंड हवा साचते, तिथे थायमॉल-कार्व्हाक्रॉलवाले प्रकार कडाक्याच्या थंडीत मरत असत आणि बाकीचे टिकत असत. वर, उबदार उतारांवर उलट. म्हणजे हवामानाने झुडपाचा प्रकार बदलला नाही, कुठला प्रकार जगेल ते निवडलं. हा फरक लोक फार वेळा विसरतात. ‘त्या भागातली वनस्पती गुणकारी’ असं म्हणतात तेव्हा पुष्कळदा तिथल्या मातीपेक्षा तिथे पिढ्यानपिढ्या टिकलेला वाण बोलत असतो. तुळशीतही युजेनॉलवाली (लवंगेच्या वासाची) आणि मिथाइल युजेनॉलवाली असे प्रकार आहेत. उन्हात ठेवून, खत थांबवूनही तुमच्या तुळशीला लवंगेसारखा झणका आला नाही, तर वाणच वेगळा आहे असं समजा आणि ज्या झाडाचा वास आवडतो त्याचं बी किंवा छाट आणून लावा.

वाण, जागा आणि कापणी तिन्ही एकत्र कशी येतात ते आर्टेमिसिया अॅनुआत दिसतं. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन त्यातून मिळतं. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या चमूने १९७१ मध्ये कमी तापमानाला ईथरने काढलेला अर्क यशस्वी ठरला, आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण बीजिंगच्या आसपासच्या झाडांत हे द्रव्य फारच कमी निघत होतं, सिच्वानच्या झाडांत भरपूर. द्रव्य असतं पानांवरच्या ग्रंथींत, खोडात जवळपास नाहीच, आणि फुलोऱ्याच्या सुमारास ते सर्वाधिक असतं. शिवाय हे झाड लहान दिवसाचं. दिवस साधारण साडेतेरा तासांपेक्षा लहान झाला की फुलोऱ्याकडे वळतं. विषुववृत्ताजवळ जुना वाण लावला तर रोप गुडघाभर असतानाच फुलावर येतं आणि पाला हाती लागत नाही.

कापणीच्या वेळेबद्दल विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरचं उदाहरण मला फार आवडतं. अंगात पाणी साचून येणाऱ्या सुजेवर डिजिटॅलिस (फॉक्सग्लोव्ह) ही वनस्पती वापरून त्याने १७८५ मध्ये आपले अनुभव छापले. त्याची अडचण तुमच्यासारखीच होती: त्याच वनस्पतीचा परिणाम दर वेळी वेगळा. आधी त्याने मूळ सोडून पान धरलं. मग पानही ऋतूप्रमाणे बदलतं हे कळल्यावर ठरवलं की पान नेहमी फुलोऱ्याच्या वेळीच तोडायचं आणि काळजीपूर्वक वाळवायचं, म्हणजे मात्रा बसवता येईल. आणि ती बसली. त्याने गुण वाढवण्याच्या मागे न लागता तो सारखा राखला. डिजिटॅलिससारख्या वनस्पतीत औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर इतकं कमी असतं की ‘जास्त गुणकारी’ पान म्हणजे जास्त धोक्याचं पान. बचनागालाही हेच लागू. असली झाडं घरी लावून स्वतःच औषध करण्याच्या भानगडीत पडू नका.

बाकी वनस्पतींत वेळ वेगवेगळी. काळमेघ फुलोऱ्याच्या सुरुवातीला कापावा. शेंगा भरेपर्यंत थांबलं तर वजन वाढतं, पण कडूपणा उतरतो. सर्पगंधेची मुळं दीड-दोन वर्षांनंतर, हिवाळ्यात पानं गळल्यावर काढतात, आणि तीही साल न खरवडता, कारण मुळातलं बहुतेक अल्कलॉइड सालीतच असतं. स्वच्छ दिसावीत म्हणून साल घासून काढलेली मुळं मी पाहिली आहेत. दिसायला सुरेख, आत लाकूड. अत्तराचा गुलाब पहाटे खुडतात, कारण ऊन चढलं की तेल उडतं.

आता रानातल्या झाडाचं. अर्निका या युरोपातल्या औषधी फुलझाडावर ऑस्ट्रियातल्या आल्प्समध्ये एक नेटका प्रयोग झाला. एकाच वाणाची रोपं वेगवेगळ्या उंचीवर वाढवली. उंचीबरोबर फिनॉलिक द्रव्यं वाढली, पण ज्यांच्यासाठी अर्निका प्रामुख्याने वापरतात ती सेस्क्विटर्पीन लॅक्टोनं फारशी हलली नाहीत. पुढच्या प्रयोगांत या वाढीमागे उंचीवरच्या अतिनील किरणांपेक्षा थंडीचा हात जास्त दिसला. म्हणजे ‘उंच डोंगरावरची वनस्पती अधिक गुणकारी’ हे एका घटकापुरतं खरं, दुसऱ्यापुरतं नाही. रानातल्या झाडाला बहुधा वय जास्त मिळतं, आणि मुळांच्या औषधांत वयाला किंमत आहे. जिनसेंगमध्ये वर्षागणिक जिन्सेनोसाइडं, म्हणजे त्याची मुख्य औषधी द्रव्यं, साठत जातात. गंमत म्हणजे जिनसेंग दाट सावलीतच वाढतं, उघड्या उन्हात करपतं. ‘ऊन म्हणजे गुण’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण रानातल्या मालाची खरी अडचण सारखेपणाची. एकाच पोत्यात वरची मुळी आणि तळाची मुळी वेगळ्या वयाची, वेगळ्या उतारावरची निघते. शिवाय जमीन खराब असेल तर तेही झाड शोषून घेतं. सेंट जॉन्स वर्ट आणि कॅमोमाइल ही झाडं मातीतलं कॅडमियम बऱ्यापैकी उचलतात. रस्त्याकडेला किंवा जुन्या कारखान्याच्या आवारात आपोआप उगवलेली वनस्पती ‘नैसर्गिक’ म्हणून तोडू नका.

जमिनीवर आणि खतावर लोक जेवढं डोकं लढवतात त्याच्या चौथा हिस्सासुद्धा वाळवण्यावर लढवत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गुण तिथे मातीत जातो. एकदा पावसाची चिन्हं बघून घाईघाईत मी तुळशीची अख्खी कापणी तापलेल्या पत्र्यावर पसरली. दुपारपर्यंत पाला कुरकुरीत वाळला, हिरवाही राहिला. आजूबाजूला वास मात्र इतका घमघमत होता की तेव्हाच समजायला हवं होतं. जो वास हवेत आला तो पानातून गेला. पाल्यात राहिलं ते गवत. वासाचा पाला सावलीत, वारा खेळेल अशा जागी, पातळ पसरून वाळवावा. यंत्रात वाळवायचा तर चाळीस अंशांच्या आत. उलट ज्यात ग्लायकोसाइडं (साखरेचा रेणू जोडलेली द्रव्यं) आहेत तो माल फार रेंगाळू देऊ नये, कारण पान ओलं असेपर्यंत त्यातली विकरं (एन्झाइमं) ती द्रव्यं तोडत राहतात. आणि ताजं ते उत्तम असंही नेहमी नसतं: फ्रँगुला या युरोपातल्या झुडपाची रेचक साल वर्षभर ठेवून किंवा गरम करूनच वापरतात, ताज्या सालीने पोटात भयंकर मुरडा येतो आणि उलट्या होतात.

राहिली तुमची अश्वगंधा. तिचं औषध मुळात, त्यामुळे पानांच्या तजेल्यावर जाऊ नका. नत्र जास्त झालं की वरचा पसारा वाढतो आणि मुळीला खायला उरत नाही. तिला हलकी, निथळणारी माती, ऊन आणि मोजकं पाणी हवं. कुंडी निदान दीड फूट खोल घ्या, नाहीतर मुळी तळाशी गोल फिरत बसते. पानांत विथाफेरिन-ए हे द्रव्य मुळीपेक्षा जास्त असतं, पण म्हणून मुळीऐवजी पानं वापरू नका. दोन्हींत द्रव्यांचं मिश्रण वेगळं असतं आणि मात्रा मुळीवर बसवलेली असते. साधारण पाच-सहा महिन्यांनी खालची पानं पिवळी पडून वाळायला लागली आणि फळं लाल झाली की उपटा. आणखी वर्षभर ठेवलीत तर मुळी जाड होईल, पण लाकडासारखी. उपटल्यावर धुवा, तुकडे करून वाळवा आणि एक तुकडा मोडून बघा. काडकन मोडला आणि आत पांढरा, पिठूळ दिसला तर जमलं. चिवट तंतू लोंबत राहिले, तर पुढच्या खेपेला पाणी कमी करा आणि महिनाभर आधी काढा.